पैनगंगेले का झालं?

साठी उलटलेल्या माणसाने सायकलवर बसावे की नाही, या प्रश्नावर आमच्या वाशीम गावात संपूर्ण एकमत आहे. बसू नये. हे मत मला कोणी सभा भरवून कळवलेले नाही. पण पहाटे मी सायकल बाहेर काढली की ते फाटकाफाटकातून कळते. "काहून हो सर, गाडी इकली काय?" हा पहिला प्रश्न. "डॉक्टरनं सांगतलं असंन," हे त्याचे उत्तर. तेही विचारणाराच देतो. म्हणजे प्रौढ माणसाने सायकल चालवण्याची आमच्याकडे कारणे दोनच: कर्ज नाहीतर कोलेस्टेरॉल. एखादा केवळ आवडते म्हणून चालवत असेल, ही शंका अजून कोणाला शिवलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात एकदा मी हिंगोलीच्या रस्त्याने निघालो होतो. वीसेक किलोमीटरवर पैनगंगा लागते, ती ओलांडली की विदर्भ संपतो आणि कन्हेरगाव नाक्याला मराठवाडा सुरू होतो. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याने मला, माझ्या माकडटोपीला आणि सायकलला क्रमाने न्याहाळले.

"कुठी चालले बापा इतक्या सकायी?"

"पैनगंगेवर."

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "घरी कोनाचं काही झालं काय?"

"नाही हो. नदी पाहायला चाललोय."

त्याने हातातली गाळणी खाली ठेवली. "पैनगंगेले का झालं?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. भांडणातले मुद्दे मला नेहमी घरी आल्यावर सुचतात. ते आता मांडतो.

पैनगंगेला काहीही झालेले नाही. बुलढाण्याच्या बाजूने ती येते, रिसोडच्या दक्षिणेने जाते, पुढे वर्धेला मिळते आणि वर्धेच्या मागोमाग गोदावरीत. पूर्वी वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांच्यातली ती हद्द होती. उलट आमच्याच जिल्ह्यात उगवलेली काटेपूर्णा उत्तरेकडे पळते आणि पूर्णेच्या हाताला धरून तापीला मिळते. म्हणजे आमच्या जिल्ह्यात पडलेल्या पावसापैकी काही बंगालच्या उपसागरात जातो आणि काही अरबी समुद्रात. हे मी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते, पण पटले ते सायकलवर. मोटारीत बसलेल्याला पाणलोटाची धार कळत नाही. सायकलवाल्याच्या गुडघ्यांना ती बरोबर कळते. चढ संपून पायडल आपोआप हलके झाले की समजावे, आपण दुसऱ्या समुद्राच्या हद्दीत आलो!

आमचे एक शेजारी आहेत. त्यांचे चिरंजीव जर्मनीत असतात. मागे हे उभयता तिकडे जाऊन आले आणि आल्यावर आम्हाला तीन तास फोटो दाखवले. डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत सायकलींचा रस्ता आहे. तीनशेहून अधिक किलोमीटर! सत्तरीच्या आज्या पुढे टोपली लावून चालल्या आहेत. अटलांटिकपासून थेट काळ्या समुद्रापर्यंत असा नदीकाठचा मार्ग युरोपने आखलेला आहे. "याला म्हणतात संस्कृती!" शेजारी म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मला सायकलवर पाहून याच गृहस्थांनी विचारले, "काय हो, स्कूटर बिघडली वाटतं?"

दुसरा पक्ष सायकलवाल्यांचाच आहे. माझा भाचा पुण्याहून एक सायकल घेऊन आला होता. तिच्या किमतीत आमच्याकडे बैलजोडी येईल आणि वर वैरणीलाही पैसे उरतील. हे लोक दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत आणि सहाशे चाळीस तासांत पुरे करतात, आणि त्याचा शिक्का पॅरिसच्या क्लबाकडून येतो. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची त्यांची मूळ शर्यत १८९१ सालची आहे. सुमारे बाराशे किलोमीटर. मला या मंडळींबद्दल आदरच आहे. पण भाचा पैनगंगेवरून परत आला तेव्हा मी विचारले,

"कसं काय वाटलं?"

"ॲव्हरेज बावीस आलं, मामा!"

"नदीला पाणी होतं का रे?"

"कुठल्या नदीला?"

असो. भाच्याशी भांडण नाही. खरे भांडण आहे ते रस्ता करणाऱ्यांशी.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत, असा ७०१ किलोमीटर पुरा झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. ती योग्यच आहे. जिथे मोटारी ताशी १२० ने धावतात तिथे मला माझी घंटी वाजवायची हौस नाही. तक्रार उरलेल्या रस्त्यांची आहे. रस्ता रुंद करायचा म्हटले की पहिली कुऱ्हाड कडुनिंबावर पडते. मग डांबर वाढते, पण त्याची कड मुरमापासून वीतभर उंच राहते. मागून ट्रकने भोंगा वाजवला की सायकलवाल्याने त्या कडेवरून खाली उडी मारायची. खाली बाभळीचे काटे आणि सराटे पसरून ठेवलेलेच असतात. काटेपूर्णा हे नाव नदीचे आहे की रस्त्याचे, असा कधीकधी संभ्रम पडतो.

यासंबंधी मी एकदा एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो होतो. साहेब सज्जन होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली. अर्ज वाचून म्हणाले, "पण सर, आता सायकल चालवतं कोण? तुम्ही एकटे!"

साहेबांचेही चूक नव्हते. शाळा सुटायच्या वेळी ते कचेरीत असतात. मी रस्त्यावर असतो. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकली मिळतात. योजना उत्तम आहे. त्या सायकलीमुळे किती मुलींची शाळा टिकली असेल! त्या मुली तिघीतिघी मिळून याच कडेने जातात. एकदा माझ्या डोळ्यांदेखत भोंग्याला दचकून एक मुलगी खाली मुरमात गेली. कोपर सोलले, दप्तर उपडे झाले, पुढच्या चाकात काटा. मी धावलो. ती उठून फ्रॉक झटकत मलाच समजावू लागली, "काही नाही आजोबा, रोजचंच हाये." पंक्चरचे दुकान गावात, दोन किलोमीटरवर. आम्ही दोघे सायकली ढकलत गेलो. वाटेत सावली नव्हती, कारण रस्ता सुधारला होता.

सरकारने एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने रस्त्याची कड काढून घ्यायची, हा कुठला हिशेब? मी डॅन्यूब मागत नाही. पर्यटकांसाठी रंगीत पट्टे आणि सेल्फीचे चौकोनही नकोत. शाळेच्या मुलीला आणि दुधाचे कॅन लटकवून जाणाऱ्या गड्याला पुरेल अशी हातभर सपाट कड ठेवा, तिच्यावरचे काटे अधूनमधून झाडा आणि उभी झाडे उभी राहू द्या. एवढे झाले की आम्हा हौशी लोकांचा नदीकाठचा रस्ता आपोआप, फुकटात तयार होतो.

यावर लोक म्हणतात, "वऱ्हाडातल्या उन्हात कोण सायकल चालवणार?" अहो, ऊन आहे हा झाडे ठेवण्याच्या बाजूचा मुद्दा आहे, तो तोडण्याच्या बाजूने कसा वापरता?

अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. मी मात्र त्या टपरीवर थांबत असतो. सुरुवातीला टपरीवाला गिऱ्हाइकांना माझी ओळख "हे नदी पाह्यतेत" अशी करून देई, आणि ते सहानुभूतीने माझ्याकडे बघत. परवा परत येताना थांबलो, तर त्याने न मागता चहा पुढे केला आणि इकडेतिकडे पाहून हळूच विचारले,

"सर, पानी हाये काय हो थे?"

म्हटले, "आहे. घोट्याएवढं, पण वाहतं आहे."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे घेईना.