इस्तंबूलचं पॅकेज स्वस्त, पण परतल्यावर काय?

केस, नाक, पोट यांच्या ऑपरेशनच्या जाहिराती आता शहापूर-मुरबाडच्या पोरांच्या मोबाईलवरही येतात. हॉटेल, विमानतळावरून गाडी आणि ऑपरेशन, सगळं एकाच पॅकेजमध्ये. इस्तंबूल त्यात सगळ्यात पुढे. आखातात नोकरीला असलेल्या मुलाला तर ते जवळच वाटतं. आठवड्याची रजा टाकली की झालं. जायज-नाजायजचा मसला उलमांना विचारावा. इथे प्रश्न जिवाचा आहे.

ब्रिटिश सरकारच्या माहितीनुसार 2023 मध्ये तुर्कस्तानात उपचार घेतल्यानंतर 6 ब्रिटिश नागरिक दगावले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने तर हिशेबच मांडला: 2009 ते 2022 या काळात डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्य शस्त्रक्रियेनंतर 93 अमेरिकन नागरिकांचा मृत्यू. ज्या मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली, त्यांत बहुतेकांना चरबीची किंवा रक्ताची गुठळी नडली. चरबी काढताना तिचे कण रक्तात शिरतात आणि फुफ्फुसात अडकतात. एकाच वेळी पोट, कंबर, छाती अशी दोन-तीन ऑपरेशनं उरकली की धोका वाढतो. पॅकेजवाले मात्र नेमकं हेच "एकात दोन" म्हणून विकतात!

त्यात विमानप्रवास. ऑपरेशननंतर तासन् तास एकाच जागी बसलं की पायात रक्त गोठू शकतं. म्हणून पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर किमान 10 दिवस विमानात बसू नका, असं हेच केंद्र सांगतं. चार-पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये हे बसतं का, तुम्हीच बघा.

जंतुसंसर्ग हा दुसरा घोर. 2023 मध्ये मेक्सिकोच्या मातामोरोस शहरात दोन क्लिनिकमध्ये पाठीच्या कण्यात भूल दिलेल्या रुग्णांना बुरशीमुळे मेंदूज्वर झाला, अनेक जण गेले. असा त्रास कधी कधी काही आठवड्यांनी दिसतो, म्हणजे माणूस घरी परतल्यावर.

आता घर भातसानगरला असेल तर? रात्री ताप चढला, जखमेतून पू आला, तर आधी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून ठाणे नाहीतर मुंबई. समोरच्या डॉक्टरला काय टोचलं, कोणती भूल दिली, काहीच माहीत नसतं. कागद असलेच तर तुर्की भाषेत. मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका. अपघात, भाजणं, कॅन्सर अशी कारणं सोडली तर सौंदर्य शस्त्रक्रिया त्यात धरत नाहीत. परदेशातल्या क्लिनिककडून भरपाई वसूल करणं तर फारच कठीण.

मग मुंबईत केलं की निर्धास्त? तसंही नाही. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यापाऱ्याच्या डोक्यात एकाच बैठकीत 9 हजारांहून जास्त केस लावले गेले आणि दोन-तीन दिवसांत तो वारला. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून केशरोपण करता येत नाही, रीतसर शस्त्रक्रियेचं शिक्षण हवं. फरक इतकाच, की इथे डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते आणि टाके काढायला त्याच्याच दारात जाता येतं. इस्तंबूलमध्ये सुरी प्रत्यक्षात डॉक्टरच्या हातात असेल की टेक्निशियनच्या, हे आगाऊ पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

आणि कुणी करून आलाच असेल, तर लाजेखातर लपवू नये. दम लागणं, एका पायाला सूज, छातीत दुखणं, न उतरणारा ताप किंवा डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि ऑपरेशन कुठे, कधी झालं ते आधी सांगावं.