मिक्सर मालकाचा, मग भुर्दंड कामवालीला का?

उन्हाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी चटणीचा हंगाम सुरू होतो. मिरची कांडपाला जाते. खोबरे, लसूण, कोथिंबिरीचे वाटण घरच्या मिक्सरवर होते. राजारामपुरीतील एका घरात असे वाटण चालू असताना मिक्सरमधून धूर निघाला आणि मोटार जळाली. मिक्सर चालवत होत्या धुणीभांडी करणाऱ्या ताई. वाटण हे त्यांच्या ठरलेल्या कामात नव्हतेच. 'मावशी, तेवढे वाटून द्या' असे सांगितले गेले आणि त्यांनी केले. महिनाअखेरीस 2500 रुपये पगारातून मोटारीचे 1400 कापून 1100 त्यांच्या हातावर ठेवले. का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, 'तुमच्याच हातात जळाला ना?'

हात ताईंचा होता, हे खरे. पण मिक्सर कोणाचा? वर्षभर चटणी कोणाच्या ताटात जाणार? मिक्सर नऊ वर्षांचा होता. त्या नऊ वर्षांचा उपयोग घराने घेतला आणि शेवटच्या दिवसाचा खर्च मात्र ताईंनी भरला. हा कुठला हिशोब?

मिक्सर जळतो कसा, हे कोणत्याही दुरुस्तीवाल्याला विचारा. आतले कार्बन ब्रश वापराने झिजतात. सुके खोबरे भांडेभर घालून न थांबता फिरवले की मोटार तापते. मध्ये थांबायला वेळ लागतो, आणि ताईंना पुढची तीन घरे गाठायची असतात. जुने यंत्र, जास्तीचे काम आणि घाई, या तिन्ही गोष्टी ठरवणारा मालक आहे. तरी दोष मात्र शेवटी बटण दाबणाऱ्या हाताचा!

आमचे म्हणणे सरळ आहे. ज्याची वस्तू, ज्याचा फायदा, त्याचीच झीज आणि त्याचीच मोडतोड. बँकेतल्या कारकुनाचा कॉम्प्युटर बंद पडला तर त्याचा पगार कापतात काय? एस.टी.चे इंजिन घाटात बसले तर दुरुस्तीचे बिल ड्रायव्हरच्या घरी पाठवतात काय? मग कप, बादली, मिक्सर, वॉशिंग मशीन यांनाच वेगळा न्याय का?

कारखान्यातल्या कामगारासाठी तर 1936 च्या वेतन कायद्यानेच मर्यादा घातली होती. वस्तू स्पष्टपणे त्याच्या ताब्यात दिलेली हवी, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले हवे, त्याला बाजू मांडायची संधी द्यायला हवी आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त नको. 2019 च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे. राजारामपुरीच्या स्वयंपाकघरात यातले काय पाळले गेले? फिर्यादी मालक, न्यायाधीश मालक, वसुली करणाराही मालक. सुनावणी शून्य.

महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण तो नोंदणीचा आणि कल्याणकारी मदतीचा कायदा आहे; पगार किती आणि त्यातून काय कापता येईल, हे तो ठरवत नाही. निपाणीपलीकडे कर्नाटकाने 2004 मध्येच घरकामाला किमान वेतन जाहीर केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. सोबतच्या शिफारशीत म्हटले आहे की कामासाठी लागणाऱ्या साधनांचा आणि त्यांच्या देखभालीचा खर्च कामगाराच्या मजुरीतून कापू नये. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, पण तो अजून मंजूर करून स्वीकारलेला नाही.

हा प्रश्न 1400 रुपयांपुरता नाही. वतनदार महाराला कामाची यादी नव्हती, वेळ नव्हती, निश्चित वेतन नव्हते. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. त्या व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणले. पुढे संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगार बंद केली. 1982 च्या एशियाड कामगारांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणे हीसुद्धा वेठबिगारच मानली. आज 'मावशी' म्हणून हाक मारायची, ठरल्यापेक्षा जास्तीचे काम करून घ्यायचे आणि वस्तू मोडली की पगार कापायचा, ही वेठ नाही तर काय आहे?

आणि हे कुठे चालले आहे? शाहू महाराजांच्या कोल्हापुरात! पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना ज्या राजाने हॉटेल काढून दिले आणि तिथे जाऊन स्वतः चहा घेतला, त्याच शहरातल्या कित्येक घरांत कामवालीचा कप आजही खिडकीत वेगळा असतो. तिने तुमच्या कपाने चहा प्यायचा नाही, पण तुमचा कप फुटला तर पैसे भरायचे!

'भरपाई घेतली नाही तर त्या निष्काळजी होतील,' असे म्हणणारे भेटतात. भीतीने हात थरथरतो, सावध होत नाही. वर मोडलेले लपवायची वेळ येते. कोणी जाणूनबुजून मोडले तर तो वेगळा प्रश्न. त्याला कायदा आहे. पगार ही तुमच्या तिजोरीतली अनामत नव्हे. 'आम्हालाही परवडत नाही' म्हणणाऱ्यांनी पाटा-वरवंटा काढावा आणि स्वतः वाटावे.

आता आपल्याच लोकांशी बोलू. नोकरी लागली, फ्लॅट झाला, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लागला. त्याच फ्लॅटमध्ये भांडी घासायला येणारी बाई बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिचा खाडा आपण कापतो का? फुटलेल्या बशीचे पैसे धरतो का? आपल्या आईने कुणाच्या घरी असे पैसे भरले होते, हे विसरलो का? राजारामपुरीला जाब विचारण्याआधी आपण आपला उंबरठा तपासू.

आमच्या मागण्या तीन. नुकसानीपोटी पगारातून एक रुपयाही कापायला कायद्याने बंदी करा. घरकामाचे किमान वेतन ठरवा आणि ते पाळले जाते का, ते तपासा. आणि कामगार कार्यालयात घरकामगारांची तक्रार घेऊन लेखी पोच द्या. तोवर वस्तीवस्तीतल्या तरुणांनी एक वही ठेवावी : कोणाचे किती कापले, कशासाठी कापले. या वह्या घेऊनच आपण कामगार कार्यालयात जाऊ.

जय भीम!