आठ किलोमीटरचा प्रवास, एका किलोमीटरचा भुर्दंड

नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. देवनहळ्ळीहून बंगळुरू गाठण्यासाठी पस्तीसेक किलोमीटर रस्ता तुडवणाऱ्या प्रवाशाला हेवा वाटावा, असे हे अंतर. त्यातच मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली आणि वर्धा मार्गावर विमानतळाचे नाव धारण करणारी एक नव्हे, तीन स्थानके उभी राहिली: एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट. नावे तीन, पण टर्मिनलच्या दारात मात्र एकही स्थानक नाही. स्वस्त प्रवासाचे सारे गणित नेमके इथेच चुकते.

टर्मिनल आणि वर्धा मार्गावरील एअरपोर्ट स्थानक यांत जेमतेम एक-दीड किलोमीटरचे अंतर असेल. कागदावर ते नगण्य भासते. मात्र हातात बॅगा, सोबत वृद्ध आई-वडील आणि वर मे महिन्यातले नागपूरचे ऊन असेल, तर तेवढेही अंतर पायी तोडणे अशक्यप्राय होते. मग ऑटो करावा लागतो. नागपुरात ऑटो मीटरने क्वचितच धावतात. भाडे ठरते ते घासाघिशीने. एवढ्याशा अंतरासाठी मेट्रोच्या तिकिटाहून अधिक पैसे मोजावे लागणार असतील, तर प्रवासी 'त्यापेक्षा थेट घरापर्यंतच टॅक्सी बरी' असा हिशेब करतो. तो हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. प्रवाशाच्या लेखी प्रवास हा दारापासून दारापर्यंतचा असतो. स्थानकापासून स्थानकापर्यंतचा नव्हे.

विमानाने जाणारा माणूस पैशाला पैसा म्हणत नाही, त्याच्या बचतीची चिंता कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो कालबाह्य आहे. २०१७ मध्ये 'उडान' योजनेतील पहिले विमान उडाले, तेव्हा एका तासाच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये ही मर्यादा निम्म्या आसनांसाठी घालण्यात आली. सर्वसामान्यांनी विमानात बसावे, हे सरकारचेच घोषित धोरण. मग आकाशातील भाड्याला मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेला जमिनीवरच्या आठ किलोमीटरचा विसर का पडावा? दुसरे असे की, विमानतळावर रोज येणारा माणूस प्रवासी नसतो. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, सामान चढवणारे, दुकानांतील विक्रेते यांना ही वाट महिन्यातून पंचवीस दिवस तुडवावी लागते. प्रवाशाला एकदाच बसणारा भुर्दंड त्यांच्या पगारातून दररोज वजा होतो.

हा दोष कुणा एकाचा नाही. मेट्रो महामेट्रोची, 'आपली बस' महापालिकेची, विमानतळाचे व्यवस्थापन निराळे आणि महामार्गाचा धनी आणखी वेगळा. प्रत्येकाची हद्द आपापल्या फाटकाशी संपते आणि प्रवासी त्या हद्दींच्या मधोमध उभा राहतो. वास्तविक शहरातील सर्व वाहतूक एका छत्राखाली आणावी, ही शिफारस राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच केली होती. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटर परिसरासाठी पूरक बस, पदपथ व सायकलमार्ग यांची तरतूद प्रकल्प अहवालातच असावी, असे बजावले. नागपूर मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली ती त्याच्या तीन वर्षे आधी, २०१४ मध्ये. पुढे भाड्याच्या सायकली आणि पूरक बस यांचे प्रयोग झाले. पण प्रयोग आणि सेवा यांत फरक असतो. बस येईलच, अशी खात्री ज्या सेवेबद्दल नसते तिच्यावर कुणी विमान सोडण्याचा धोका पत्करत नाही.

इतरांचे अनुभव बोलके आहेत. दिल्लीची विमानतळ मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली. चढ्या भाड्यामुळे प्रवासी तिच्याकडे वळेनात. २०१४ व २०१५ मध्ये भाडे उतरवल्यावर प्रवासीसंख्या वाढली. मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोची स्थानके दोन्ही टर्मिनलना जोडून आहेत. बंगळुरूने मेट्रोची वाट न पाहता 'वायुवज्र' बसगाड्या धावत्या ठेवल्या. नागपूरला नवा मार्ग बांधण्याची गरज नाही. विमानांच्या वेळा सांभाळून टर्मिनल ते स्थानक फिरणारी छोटी बस, मेट्रोच्या तिकिटातच तिचे भाडे, सावलीचा पदपथ आणि सामानाच्या पट्ट्याजवळ ठळक मराठी-हिंदी फलक एवढे पुरे. पहाटेच्या व रात्री उशिराच्या विमानांना मेट्रो उपयोगी नाही. त्या वेळी शहरापर्यंत एक बस हवी.

तोवर प्रवाशाने आपला हिशेब आपणच करावा. एकट्याने, हलक्या सामानासह, दिवसा येणाऱ्याला मेट्रो निश्चित स्वस्त पडते. रेल्वे पकडायची असल्यास सीताबर्डीला गाडी बदलून त्याच तिकिटावर रेल्वे स्थानक गाठता येते. तिघे-चौघे असतील तर मात्र टॅक्सीचे भाडे वाटून घेणे अनेकदा सोयीचे ठरते.

पहिल्या टप्प्यावर सुमारे ८,६८० कोटी रुपये खर्च झाले. ६,७०८ कोटींच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली असून तो ४३.८ किलोमीटरचा आहे. एवढे मार्ग आखणाऱ्या शहराला उरलेला एक किलोमीटर जोडणे अवघड नाही. तो आपल्या हद्दीत येतो, असे कुणीतरी एकाने मान्य करायला हवे.