विचारण्यात कसली लाज?

प्रिय बेटी,


तुझे पत्र मिळाले. पुण्यात नोकरीला लागून तुला तीन महिने झाले आणि आणखी तीन महिन्यांनी तुला कायम करायचे की नाही ते ठरणार आहे. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत बॅकस्पेस दाबले की अक्षर खोडले जाण्याऐवजी टोपीसारखे चिन्ह आणि एच उमटतो. एकदा सवयीने कंट्रोल-एस दाबलेस तर पडदा जागच्या जागी गोठला. तू खिडकी बंद केलीस आणि दोन तासांचे काम पुन्हा केलेस. शेजारचे सगळे सहकारी पुरुष, वयाने मोठे. ‘विचारले तर हसतील, आणि सारखे विचारणे आपल्याला शोभते का?’ असे तू लिहितेस. कळांपेक्षा हाच प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये, माहीत नसेल तर जाणत्यांना विचारण्याची ताकीद आहे. मदिनेच्या अन्सारी स्त्रियांना हया दीन समजून घेण्यापासून अडवत नव्हती, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली. जिथे दीनचे नाजूक प्रश्न विचारायला हया आड आली नाही, तिथे बॅकस्पेसचा प्रश्न विचारायला ती का आड यावी? संकोच वाटत असेल तर एकट्याला गाठून विचारू नकोस. टीमच्या सामाईक ग्रुपवर लिही. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला कोणी वेगळे नाव देत नाही, आणि उत्तर दुसऱ्यालाही उपयोगी पडते.

आता कळांविषयी. कळ दाबली की संगणकाला अक्षर जात नाही, एक आकडा जातो. मोठ्या ए चा आकडा ६५. कंट्रोलसोबत अक्षर दाबले की त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक जातो: एच आठवे म्हणून ८, एस एकोणिसावे म्हणून १९. टेलिप्रिंटरच्या काळापासून १९ म्हणजे ‘पाठवणे थांबव’ आणि १७ म्हणजे ‘पुन्हा सुरू कर’. क्यू सतरावे अक्षर. तेव्हा पडदा गोठला की कंट्रोल-क्यू दाब. काम गेलेले नसते, फक्त थांबलेले असते.

बॅकस्पेसचे दुखणेही जुने आहे. ८ म्हणजे एक जागा मागे जा. १२७ म्हणजे खोड. पूर्वी कागदी पट्टीवर भोके पाडून मजकूर साठवत. अक्षर चुकले की त्या ओळीतली सातही भोके पाडत, आणि सात भोके म्हणजेच १२७. पुढे टर्मिनले आली. डेक कंपनीच्या १९८३ सालच्या व्हीटी२२० ची खोडण्याची कळ १२७ पाठवत असे, दुसरी काही टर्मिनले ८ पाठवत. तो मतभेद अजून मिटलेला नाही. तुझी खिडकी ८ पाठवते आणि सर्व्हर १२७ ची वाट पाहतो, म्हणून ८ ची खूण, म्हणजे टोपी आणि एच, पडद्यावर उमटते. तू पुटी वापरतेस ना? त्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर बॅकस्पेससाठी दोन पर्याय आहेत. त्यातला १२७ चा निवड. बदल झाला की नाही ते पाहायला कंट्रोल-व्ही दाबून मग बॅकस्पेस दाब. टोपी आणि प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे आता १२७ जातो आहे.

पुढच्या वेळी विचारताना ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढेच लिहू नकोस. कोणती कळ दाबली, काय दिसायला हवे होते, काय दिसले, कोणत्या प्रोग्राममध्ये, आणि स्वतः काय करून पाहिले, या पाच गोष्टी लिही. असा प्रश्न वाचून कोणी हसत नाही. उलट मुलगी मेहनती आहे हे कळते. पडद्याचा फोटो पाठवताना त्यात पासवर्ड किंवा ग्राहकाची माहिती नाही ना, ते पाहा. ती अमानत आहे.

आणि आमच्या ज्या बंधू-भगिनींना कचेरीत असे प्रश्न विचारले जातात, त्यांनाही एक आठवण. अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला जखम झाली आणि त्याच्यावर गुस्ल वाजिब झाले. तयम्मुम चालेल का, असे त्याने सोबत्यांना विचारले. त्यांनी नीट माहिती नसताना ‘सवलत नाही’ म्हणून सांगितले. त्याने अंघोळ केली आणि त्यात तो दगावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा ते फार नाराज झाले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर इलाज विचारणे हाच आहे, असे त्यांनी बजावले. म्हणून ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही, अमक्याला विचार’ म्हणा. ठाऊक असेल तर टोमणा न मारता सांगा. ‘एवढेही येत नाही?’ या तीन शब्दांनी नवखा माणूस वर्षभर गप्प बसतो, आणि त्याच्या चुका सगळ्या टीमला भोगाव्या लागतात.

बेटी, मिळालेले प्रत्येक उत्तर एका वहीत तारखेसह लिहून ठेव. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागणार नाही, आणि तुझ्यानंतर येणाऱ्या मुलीला ती वही देता येईल.

अल्लाह तुझ्या इल्ममध्ये आणि रोजीत बरकत देवो. आमीन.