विश्लेषण : हेवी मेटलच्या माहितीपटांना पैसे कोण देतो?

कर्कश गिटार, काळे टी-शर्ट आणि केस मोकळे सोडून डोके घुसळणारे श्रोते. अशा संगीताचा इतिहास चित्रित करणे हाच टोरांटोतील ‘बँगर फिल्म्स’चा सुरुवातीचा व्यवसाय. आज मात्र ही कंपनी केवळ मेटलवर चालत नाही. असे का?

सुरुवात कशी झाली?

सॅम डन हा मानववंशशास्त्राचा अभ्यासक. ग्वाटेमालातील निर्वासितांवर संशोधन केल्यावर त्याने आपल्याच जमातीकडे, म्हणजे मेटलच्या चाहत्यांकडे, कॅमेरा वळवला. स्कॉट मॅकफेडियन यांच्यासोबत केलेला ‘मेटल : अ हेडबँगर्स जर्नी’ २००५ मध्ये आला. मेटलच्या उपप्रकारांचा वंशवृक्षच त्यात मांडला होता. चाहत्याचे प्रेम आणि अभ्यासकाची शिस्त असा मेळ त्याआधी या संगीताच्या वाट्याला क्वचितच आला होता.

मुंबईशी काय संबंध?

‘ग्लोबल मेटल’साठी (२००८) ही मंडळी ब्राझील, जपान, इंडोनेशियाबरोबर भारतातही आली. ‘आयर्न मेडन’च्या २००८च्या जगदौऱ्याची सुरुवात तर १ फेब्रुवारीला वांद्रे-कुर्ला संकुलातून झाली. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतःच बोईंग ७५७ चालवत होता! त्या दौऱ्यावरचा ‘फ्लाइट ६६६’ पाहताना मुंबईकर श्रोत्यांना ती गर्दी ओळखीची वाटेल.

मग अडचण कुठे?

गाण्यांत. माहितीपटात एखादे गाणे वाजवायचे, तर परवानग्या दोन लागतात : रचनेच्या हक्कांसाठी प्रकाशकाची आणि ध्वनिमुद्रणासाठी रेकॉर्ड कंपनीची. शिवाय कोणत्या देशांत, किती वर्षे आणि कोणत्या माध्यमावर दाखवणार, यानुसार दर बदलतो. टीव्हीसाठी घेतलेला परवाना ओटीटीवर चालेलच असे नाही. जुन्या मैफलींच्या चित्रफितींचे पैसे वेगळेच.

यावर सोपा उपाय म्हणजे बँडलाच प्रकल्पात सामील करून घेणे. दारे उघडतात, गाणी मिळतात; पण बँडच्या सहकार्याने बनलेला चित्रपट त्याच बँडला अडचणीचे प्रश्न किती विचारणार? ‘फ्लाइट ६६६’ देखणा आहे, पण त्यात टीका शोधू नये.

वाहिन्यांनी हात आखडला तर?

‘मेटल इव्होल्यूशन’ ही ११ भागांची मालिका २०११ मध्ये आली. त्यात ‘एक्स्ट्रीम मेटल’वरचा भाग नव्हता. या सर्वांत आक्रमक शाखेसाठी वाहिनीकडून पैसे मिळाले नाहीत. शेवटी चाहत्यांनी ऑनलाइन वर्गणी काढली आणि तो ‘हरवलेला भाग’ तयार झाला. कौतुकाची गोष्ट खरीच, पण दर वेळी वर्गणीवर कंपनीचा पगार निघत नाही.

मेटलबाहेर यश मिळाले का?

मिळाले, आणि मोठे. ‘रश’ या कॅनडाच्या बँडवरील माहितीपटाला २०१० मध्ये ट्रायबेका महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार मिळाला. ‘हिप-हॉप इव्होल्यूशन’ने २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पटकावले आणि ही मालिका नेटफ्लिक्सवरून जगभर गेली. शैली तीच : मुलाखती, वंशावळ, शहरांची भटकंती. संगीत तेवढे बदलले. हिप-हॉपचा प्रेक्षक मोठा आणि त्यामुळे वाहिन्यांनाही ते परवडते. एक्स्ट्रीम मेटलचा इतिहास मात्र वर्गणी भरणाऱ्या चाहत्यांमुळेच पडद्यावर आला.