कॅमेऱ्याआधी माउंट घ्या

कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत १८८९ साली खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड एमर्सन बर्नार्ड आकाशगंगेची छायाचित्रे टिपू लागले, तेव्हा त्यांच्या हाती खास आकाशासाठी घडवलेले भिंग नव्हते. होते ते सहा इंची विलर्ड भिंग. स्टुडिओत माणसांचे चेहरे टिपण्यासाठी बनवलेले, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छायाचित्रकाराकडून जुने विकत घेतलेले. मात्र ते पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेणाऱ्या माउंटवर बसवले होते आणि बर्नार्ड तासन्‌तास मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून एक तारा जागच्या जागी धरून ठेवत. १२ ऑक्टोबर १८९२ रोजी याच भिंगाच्या छायाचित्रात एक धूमकेतू सापडला. छायाचित्रावरून शोधला गेलेला तो पहिला धूमकेतू.

वन-ट्वेंटीच्या फिल्म रोलवर विस्तीर्ण आकाश टिपू पाहणाऱ्या आजच्या हौशी मंडळींनी खरेदीला निघण्यापूर्वी आधी माउंट, मग कॅमेरा हा क्रम समजून घ्यायला हवा. बहुतेक जण सुरुवात कॅमेऱ्याच्या नावापासून करतात, आणि ते नाव बहुधा पेन्टॅक्स ६७ असते. त्याचा लौकिक खरा आहे. १०५ मिमीची एफ/२.४ आणि १६५ मिमीची एफ/२.८ ही त्याची भिंगे फार सुंदर आहेत. पण त्याचे शटर बॅटरीवर चालते, आणि ते अर्धा तास उघडे ठेवले की तेवढा वेळ बॅटरी खर्ची पडत राहते. शिवाय भिंगासह वजन अडीच किलोच्या घरात जाते. एवढे ओझे पेलणारा माउंट परवडणार नसेल, तर हा कॅमेरा घेऊ नये.

त्यापेक्षा गावोगावच्या फोटो स्टुडिओंत लग्ने टिपून निवृत्त झालेली याशिका-मॅट पाहावी. पूर्ण यांत्रिक शटर, ‘बी’ची (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवण्याची) सोय, केबल रिलीजसाठी जागा आणि जेमतेम एक किलोभर वजन. तिचा आरसा हलतच नाही, त्यामुळे शटर उघडताना धक्का बसत नाही. ८० मिमीचे भिंग ५६ मिमीच्या चौकोनावर सुमारे ३८ अंश आकाश सामावून घेते, म्हणजे अख्खा मृग आणि वर भरपूर मोकळी जागा. एफ/३.५ला कोपऱ्यांतले तारे पसरट येतात, एफ/५.६वर ते बरेच आवळले जातात. घेण्याआधी मागचे झाकण उघडून फिल्मच्या जागी घासलेली काच धरावी आणि ‘अनंत’वर दूरचा दिवा काटेकोर दिसतो का, हे तपासावे. इतक्या वर्षांच्या वापरात हे जुळणे हमखास हललेले असते.

आता माउंट. या ८० मिमीच्या भिंगातही खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याची प्रतिमा फिल्मवर मिनिटाला सुमारे ०.३५ मिमी सरकते. म्हणजे पाठलाग केला नाही, तर ताऱ्यांच्या रेघाच उमटणार. बाजारातला लहान ट्रॅकर परवडत नसेल, तर दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक एम-६ बोल्ट पुरतो. त्या बोल्टचे आटे एक मिमी अंतराचे असतात. बिजागरीपासून २२८.५ मिमीवर तो बसवून मिनिटाला एक फेरा दिला, की फळी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. दहा मिनिटांपर्यंत ही जुळणी चोख काम देते.

आपल्याकडची एक अडचण परदेशी पुस्तके सहसा सांगत नाहीत. माउंटचा किंवा बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि हा तारा पुण्यात क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, तर गोव्यात साडेपंधरा अंशांवर असतो. उत्तरेला डोंगर असला किंवा धुरकट हवा असली, तर तो दिसतच नाही. म्हणून जागा निवडताना उत्तरेचे क्षितिज आधी पाहावे, आणि माउंट एवढ्या खाली झुकतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. हिवाळ्यात दव हटवण्यासाठी भिंगाभोवती उष्णतेची पट्टीही लागते.

फिल्मवरच्या संवेदनक्षमतेच्या आकड्याला मात्र भुलू नये. इलफर्ड एचपी५ ४०० आयएसओची, पण मंद उजेडात ती झपाट्याने सुस्तावते. मीटरने ५ मिनिटे सांगितली, तर प्रत्यक्षात जवळजवळ अर्धा तास द्यावा लागतो. फुजीची ॲक्रॉस-२ केवळ १०० आयएसओची असूनही त्याच ५ मिनिटांसाठी साधारण ७ मिनिटांत काम भागवते. फक्त तिला गडद लाल रंग दिसत नाही, आणि तेजोमेघांचा हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशातच झळकतो. त्यासाठी प्रोव्हिया १००एफ ही स्लाइड फिल्म घ्यावी. कृष्णधवल रोल घरच्या न्हाणीघरातही धुता येतो; स्लाइडसाठी मात्र ई-६ प्रक्रिया करणारी लॅब आधी शोधून ठेवावी लागेल. रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी टिपावी आणि रोल न कापता परत द्यायला सांगावे, कारण काळ्या आकाशाच्या दोन फ्रेम्समधली सीमा लॅबमधल्या माणसाला ओळखता येत नाही.