लेझर दूर असला तरी चालेल, सोनोग्राफी जवळ हवी!

लेझर म्हटले की आपल्याला काय आठवते? फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमधला तो लाल ठिपका आणि व्हायवाला हमखास येणारा 'पॉप्युलेशन इन्व्हर्जन म्हणजे काय?' हा प्रश्न. सेमिस्टर संपले की लेझरही संपला! पण हाच लेझर आज पोटावर एकही टाका न घालता पित्तनलिकेतला खडा फोडतो. हे कसे घडते ते सांगायचे आहेच. पण आपल्या भंडारा जिल्ह्याने त्यातून काय घ्यावे, यावर मला जास्त बोलायचे आहे.

आधी एक घोळ निस्तरू. होस्टेलवर कोणाचे पोट दुखले की 'पथरी असेल, बिअर पी' असा फुकटचा सल्ला लगेच मिळतो. मुतखडा वेगळा आणि पित्ताचा खडा वेगळा. बिअरने यातला एकही विरघळत नाही!

पित्ताचे गणित आपल्याकडच्या मामा तलावासारखे आहे. लिव्हरमध्ये पित्त तयार होते, पित्ताशय हा त्याचा तलाव आणि पित्तनलिका ही नहर. ही नहर जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंद असते. आतड्यात उघडते तिथे तिला स्नायूचे गेट असते. तलावातला दगड घरंगळत नहरात येऊन अडकला की मागे सगळे तुंबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो. उजव्या बरगडीखाली दुखणे, कावीळ आणि थंडीताप हे तिन्ही एकत्र आले तर ती इमर्जन्सी असते. जंतू रक्तात पसरले तर जीव जाऊ शकतो.

पूर्वी यावर पोट फाडण्याशिवाय उपाय नव्हता. 1974 मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून त्या गेटला छोटा छेद देण्याचे तंत्र काढले. छेद दिला की तारेच्या बास्केटने किंवा फुग्याने खडा ओढून काढायचा. दहातले आठ-नऊ रुग्ण एवढ्यावर मोकळे होतात. उरतात ते अवघड खडे. कोणता दीड सेंटिमीटरहून मोठा, कोणता वाकड्या नलिकेत फसलेला. त्यांच्यासाठी गेट मोठ्या फुग्याने रुंद करतात किंवा खडा बास्केटमध्येच चिरडतात. तेही जमले नाही तर लेझर.

इथे आपला अभ्यासक्रम कामी येतो. कार्बन डायऑक्साइड लेझर कितीही जोरदार असला तरी त्याचे 10.6 मायक्रॉनचे किरण साध्या काचेच्या फायबरमधून जात नाहीत. होल्मियम लेझरचे 2.1 मायक्रॉनचे किरण जातात. शिवाय पाणी ते चटकन शोषून घेते. फायबरच्या टोकाशी क्षणात वाफेचा बुडबुडा होतो, उष्णता आणि धक्का खड्याला बसतो आणि तो तुटतो. किरण पाण्यात अर्धा मिलिमीटरसुद्धा धड पुढे जात नाहीत. म्हणून नेम नीट धरला तर नलिकेची भिंत वाचते. नेम धरायला डोळा हवा. त्यासाठी मोठ्या दुर्बिणीतून तीन-साडेतीन मिलिमीटरची दुसरी दुर्बीण थेट पित्तनलिकेत सरकवतात. आत सलाइन सोडत राहतात आणि खडा पडद्यावर बघत फोडतात.

हे फक्त परदेशात होते असे समजू नका. मुंबईच्या डॉ. अमित मायदेव आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. पित्तनलिकेत अवघड खडे असलेल्या 60 रुग्णांवर त्यांनी लेझर वापरला. सगळ्यांच्या नलिका मोकळ्या झाल्या, त्यातल्या 50 जणांच्या तर एकाच बैठकीत.

हे वाचून कोणीही म्हणेल, 'मग हे मशीन भंडाऱ्याला आणा!' माझे मत नेमके उलटे आहे. नुसते मशीन आणून काय होणार? होल्मियम लेझर तर मुतखडा फोडणाऱ्या डॉक्टरांकडेही असतो. खरी कमतरता असते ती बारीक दुर्बिणीची आणि सरावलेल्या हाताची. महिन्याला एखादी केस मिळाली तर हात सरावणार कसा? आणि यंत्र असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे 9 जानेवारी 2021 च्या रात्री आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि 10 बाळे गेली. मशीनची खरेदी एका दिवसाची असते, देखभाल रोजची.

आपला खरा तोटा होतो तो दिवसांचा. डोळे पिवळे झाले की आपल्या गावांत अजून काविळीची माळ घालतात. ती लांबत जाते, म्हणजे कावीळ उतरते म्हणे! वनस्पतीच्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. त्यात चमत्कार काही नाही. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. पण नहरात दगड अडकला असेल तर? माळ लांबत जाते आणि आत पू होत जातो.

म्हणून मागणी करायचीच असेल तर साधी करू या. काविळीच्या प्रत्येक रुग्णाची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हावी. सोनोग्राफीत नलिकेतला खडा कधी कधी सुटतो, पण फुगलेली नलिका सहसा दिसते. तेवढ्यावरून पुढे पाठवायचे हे तरी कळते. भंडारा ते नागपूर साठेक किलोमीटर. लाखांदूरवाल्याला लांब पडते हे खरे, पण गाडीतल्या तासांनी तितके बिघडत नाही, जितके घरी काढलेल्या आठवड्यांनी बिघडते.

आणखी एक. खडा लगेच निघाला नाही तर डॉक्टर नलिकेत प्लॅस्टिकची बारीक नळी म्हणजे स्टेंट ठेवतात. पित्त वाहू लागते, ताप उतरतो आणि माणसाला वाटते आपण बरे झालो. रोवणी तोंडावर असली की पुढची तारीख कोण बघतो? पण साधारण तीन महिन्यांत ही नळी काढावी किंवा बदलावी लागते. नाही तर तीच तुंबते आणि पहिले पाढे पंचावन्न!

तेव्हा एनएसएसच्या पुढच्या शिबिरात रस्ते झाडून झाल्यावर एक तास यासाठी काढू या. पिवळे डोळे दिसले तर आधी तपासणी, आणि स्टेंट असेल तर तारीख दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलेली. एवढे सांगायला डॉक्टर लागत नाही. प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनाही सुचवतो: स्टेंटच्या तारखेची आठवण मराठीत फोन करून देणारी साधी यंत्रणा बनवा. लेझर बनवणारे पुष्कळ आहेत. रुग्णाला लेझरपर्यंत वेळेत पोचवणारेच कमी पडतात.